दिवा विझला की माणूस आत

प्रसेनजीत केरबा कांबळे आमच्या पाणीसंस्थेत सोळा वर्षं पंप ऑपरेटर होता आणि मी त्या संस्थेचा सचिव. त्याच्याबद्दल गावात दोन मतं आहेत. पहिलं, असा डोकेबाज माणूस पंचक्रोशीत झाला नाही. दुसरं, त्यानं आकाराम पाटलाचा जीव घेतला. गंमत अशी की दोन्ही मतं तीच माणसं सांगतात, एकाच पारावर बसून, एकाच तंबाखूच्या चिमटीवर. मला दोन्ही ऐकवत नाहीत म्हणून लिहायला बसलो. लिहिताना भरून येईल असं वाटलं होतं. तसलं काही झालेलं नाही.

आमचं गाव उचगावच्या पुढं, स्कूटरनं अर्ध्या तासावर, नदीकाठी. नदीवर संस्थेचं पंपहाऊस. तिथून बारा इंची पाइप पावणेदोन मैल चढून माळावरच्या टाकीत जाते. टाकी म्हणजे पंधरा फूट खोल गोल हौद. भोवतीनं कमरेएवढा कठडा, आत उतरायला लोखंडी शिडी. टाकीपासून पाणी उतारानं शेतांकडं निघतं, त्या वाटेवर सहा चेंबर. प्रत्येक चेंबरात व्हॉल्व्ह, आणि तो उघडायला, मिटायला पाटकरी. पाटकरी म्हणजे ज्याच्या हातात पाण्याची पाळी असते तो. त्याला शिव्या देणारे ज्यादा आणि चहा पाजणारेही ज्यादा.

आता अडचण बघा. मोटर चालू करणारा नदीवर आणि माणसं माळावर. टाकीत गाळ बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी आत उतरून खोऱ्यानं ओढावा लागतो. चेंबरातही उतरावं लागतं. आत माणूस आहे की नाही, हे नदीवरच्याला कळणार कसं? जुनी पद्धत अशी की टाकीवर उभं राहून लाल पटका हलवायचा. ऊस डोक्याएवढा झाला की पटकाही दिसायचा नाही आणि हलवणाराही. मग ऑपरेटर अंदाजानं मोटर चालू करायचा. अंदाज बऱ्याचदा बरोबर यायचा, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

प्रसेनजीत नव्वद साली लागला. आयटीआयचा वायरमन. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्याच्या बापानं, केरबानं, ठरवूनच ठेवलं होतं म्हणे, की पोराला आपल्या धम्माच्या इतिहासातल्या राजाचं नाव द्यायचं. गावाच्या जिभेला ते झेपलं नाही. गावानं त्याचा परशा केला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं अंदाजानं मोटर चालू केली, आणि टाकीत आकाराम पाटील होता. आकाराम आमच्या भावकीतला, टाकीवरचा पाटकरी. पाण्याच्या लोंढ्यानं त्याला भिंतीवर आपटलं. शिडी हाताला लागली म्हणून वाचला, खांदा मात्र निखळला. एका हातानं दुसरा धरून, पाणी निथळत, तो पावणेदोन मैल चालत पंपहाऊसवर आला आणि प्रसेनजीतच्या सात पिढ्या उद्धरल्या. दम संपल्यावर म्हणाला, "तंबाखू हाय का?"

प्रसेनजीतनं डबी पुढं केली. त्या दिवसापासून दोघांचं जुळलं. आकाराम त्याला थट्टेनं प्रसेनजीतराव म्हणायचा. गावात पूर्ण नाव घेणारा तो एकटा. दुपारी भाकरी बांधून खाली पंपहाऊसवर जायचा आणि त्याच्या डब्यातली आमटी खायचा. मी सचिव म्हणून दर शनिवारी तिथं जायचो. पाणी मात्र माझ्या बाटलीतलं प्यायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला, पण मी करायचो.

खांद्याच्या भानगडीनंतर सहा महिन्यांनी प्रसेनजीतनं बोर्ड केला. एक जुनं प्लायवूडचं दार. त्यावर ऑइलपेंटनं नदी, चढ, टाकी, सहा चेंबर. प्रत्येक ठिकाणी बॅटरीतला छोटा दिवा. टेलिफोनवाल्यांनी टाकून दिलेली केबल त्यानं कुठूनशी मिळवली आणि पाइपाच्या कडेनं माळापर्यंत पुरली. करंटला ट्रॅक्टरची बॅटरी. दिव्यांना रंग हवा होता, तर बायकोच्या नेलपॉलिशच्या बाटल्या संपवल्या. निशानं आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

असाच बोर्ड, लहान आकाराचा, त्यानं टाकीवर आणि प्रत्येक चेंबरापाशी पत्र्याच्या पेटीत बसवला. म्हणजे नदीवर जे दिसेल तेच माळावर दिसेल, तेच चौथ्या चेंबरावर दिसेल. प्रत्येक ठिकाणी एक बटण. आत उतरताना बटण बंद करायचं, तुमच्या जागेचा दिवा आठही बोर्डांवर विझणार. वर आलात की चालू.

संचालकांच्या मीटिंगमध्ये ह्यावर गदारोळ झाला. एक म्हातारे संचालक उठून म्हणाले, "दिवा इझला म्हंजे माणूस आत? असलं अभद्र कुठं असतंय व्हय? माणूस आत गेला की दिवा लागाय पायजे."

प्रसेनजीत दाराशी उभा होता. ऑपरेटरला मीटिंगमध्ये खुर्ची नसे. तो म्हणाला, "लागलेला दिवा म्हंजे माणूस आत, असं केलं, आन वायर तुटली तर? दिवा लागायचाच न्हाय. मला वाटंल आत कोण न्हाय. मी मोटर चालू करीन. आता उलटं बगा. वायर तुटली, दिवा गेला, उंदरानं खाल्ली, काय बी झालं तर दिवा इझणार. मी थांबणार. चुकलो तर पाणी उशिरा यील. तसं चुकलो तर माणूस जाईल."

म्हाताऱ्यांना पटलं नाही, तरी बोर्ड मंजूर झाला. प्रसेनजीतनं एकच नियम घातला: आपलं बटण आपण दाबायचं. दुसऱ्याचं बटण दुसऱ्यानं दाबायचं नाही, बाप असला तरी.

पुढची बारा-तेरा वर्षं तो बोर्ड चालला. लोकांनी त्याला कटकट म्हटलं, ते खरंच होतं. उंदरांना त्या केबलची चटक लागली होती. दिवा विझला की प्रसेनजीत मोटर लावायचा नाही. शेतकरी बांधावर उभे राहून बोंबलू देत, कुणीतरी जाऊन चेंबरात डोकावून येईपर्यंत तो स्टूलावरून उठायचा नाही. मीच त्याला कितीदा झापलं. पण त्या बोर्डानं आणखी एक गोष्ट केली, जी कुणी मागितली नव्हती. माळावर सात जागी एकेकटी काम करणारी माणसं एकमेकांना दिसायला लागली. कोण उतरलाय, कोण वर आलाय, कुणाला वेळ लागतोय. चहा झाला की आकाराम टाकीचं बटण तीनदा चालू-बंद करायचा आणि सगळे चढ चढून यायचे.

माझा पुतण्या कृष्णात नव्व्याण्णव साली पाटकरी म्हणून लागला. मीच चिकटवला. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या चेंबरात साठलेल्या वाईट हवेनं त्याला आत भोवळ आली. त्यानं हाक मारली नाही, मारण्याच्या स्थितीतच नव्हता. पण तिसरा दिवा लई वेळ विझलेला बघून आकाराम टाकीवरून आणि दुसरा एकजण पाचव्यावरून पळत आले. दोघांनी त्याला ओढून काढलं. कृष्णात जगला तो त्या विझलेल्या दिव्यामुळं. मी प्रसेनजीतला पेढे नेऊन दिले. पाणी त्या दिवशीही माझ्याच बाटलीतलं प्यायलो.

मग मोबाइल आले. दोन हजार चार-पाचपर्यंत शेतात बैल नसलेल्या माणसाकडंही हँडसेट झाला. त्याच सुमारास तांब्यासाठी आमची केबल चोरायला लागले. एकदा दोनशे फूट गेली, परत घातली, परत गेली. लोडशेडिंग वाढलं होतं. थ्री फेज लाइट दिवसातून सहा-सात तास, त्यात दिवा विझला म्हणून तासभर मोटर बंद, हे कुणाला परवडणार? मीटिंगमध्ये मीच ठराव मांडला की बोर्ड बंद करावा आणि मिस कॉलवर काम चालवावं. एक मिस कॉल म्हणजे आत उतरतोय. दोन मिस कॉल म्हणजे वर आलो, पाणी सोड. फुकटातलं काम. सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रसेनजीत दाराशीच उभा होता. "मिस कॉल एकट्या मला कळतोय, आण्णा," तो म्हणाला. "बोर्ड सगळ्यांस्नी दिसतोय. आन न आलेला मिस कॉल कुणाला दिसणार?"

"अरे बाबा, जग कुठं चाललंय आणि तू नेलपॉलिश लावत बसलायस," मी म्हटलं. सगळे हसले. तोही थोडा हसला. मग म्हणाला की माझा विरोध आहे एवढं बुकात लिहा. लिहितो म्हटलं. लिहिलं नाही. ऑपरेटरचा विरोध बुकात लिहायची पद्धत नव्हती.

बोर्ड निघाले. पेट्यांचे पत्रे कुणी कुणी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावले.

फेब्रुवारी दोन हजार सहा. मंगळवार. त्या दिवसाचं मी जसं झालं तसं सांगतो, पुढंमागं न करता.

दहाच्या सुमाराला आकाराम टाकीत गाळ काढायला उतरला. उतरण्यापूर्वी त्यानं प्रसेनजीतला एक मिस कॉल दिला, सदरा काढून कठड्यावर ठेवला आणि मोबाइल भिजू नये म्हणून सदऱ्यावर ठेवला. लाइट नव्हती. अकरा-वीसला लाइट आली. प्रसेनजीत स्टार्टरपाशी बसून राहिला, कारण आकाराम आत होता.

कृष्णात तेव्हा चौथ्या चेंबरावर. पाळीचे शेतकरी त्याच्या डोक्यावर बसले होते, लाइट आली तरी पाणी का सोडत नाही म्हणून. त्यानं चौथा व्हॉल्व्ह उघडला. पाणी सोड म्हणून दोन मिस कॉल द्यायचे, तर त्याचा मोबाइल सकाळपासून मेलेला. म्हणून तो चढून टाकीवर आला. कठड्यावर सदरा, सदऱ्यावर मोबाइल. त्याला वाटलं आकाराम परसाकडला गेला असेल. आकाराम तेव्हा टाकीच्या तळाला, बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी वाकून गाळ ओढत होता. कठड्यावरून ओणवून बघितलं असतं तर दिसला असता. कृष्णातनं बघितलं नाही. आकारामचा मोबाइल उचलून प्रसेनजीतला दोन मिस कॉल दिले, मोबाइल होता तसा ठेवला आणि चौथ्याकडं उतरून गेला.

नदीवर प्रसेनजीतला आकारामच्या नंबरवरून दोन मिस कॉल दिसले. आकाराम वर आला. त्यानं मोटर चालू केली.

जुना बोर्ड असता तर कृष्णात टाकीपाशी उभा असतानाच टाकीचा दिवा त्याच्या डोळ्यांपुढं विझलेला असता. मी इंजिनियर नाही, पण एवढं मला त्याच दिवशी कळलं.

आकारामला दुपारी एकला बाहेर काढला. मी ऑफिसात होतो. पोलीस यायच्या आधी कृष्णात ऑफिसात आला. दार लावलं आणि म्हणाला, "काका, त्यो मिस कॉल मी दिलता."

"कुणाला बोललास?"

"न्हाय."

"बोलू नकोस."

एवढंच बोलणं झालं. त्याला मी माठातलं पाणी दिलं, तो प्याला आणि गेला. मी कपाटातून हजेरीबुक काढलं, कारण पोलीस ते मागणार होते.

पंचनामा झाला. मोबाइलमध्ये तिन्ही कॉल, वेळेसकट, निघाले. मग साहेबांनी निष्कर्ष काढला: मयत वर आला, त्यानं दोन मिस कॉल दिले आणि काही कारणानं पुन्हा आत उतरला. काय कारण, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर आकारामच्या बायकोनं, बाळाबाईनं, स्वतः दिलं. आधीच्या खेपेला आकाराम घरचं नवं घमेलं टाकीतच विसरून आला होता. त्या दिवशी सकाळी ती त्याला बोलली होती, "आज बी घमेलं इसरून आलासा तर घरात घ्याची न्हाय." म्हणजे वर आल्यावर त्याला घमेल्याची आठवण झाली आणि तेवढ्यासाठी तो परत उतरला. टाकीत घमेलं सापडलंही. ते सापडणारच होतं. गाळ घमेल्यातच भरतात. पण बाळाबाईची खात्री पटली. सांत्वनाला आलेल्या प्रत्येक बाईला तिनं हीच गोष्ट सांगितली, आवाज न चढवता, जसं कुणी बाजारभाव सांगावा. मी बोलले, म्हणून ते परत उतरले.

मी तिथं बसलेलो असायचो. ऐकायचो. एकदा सांगावं असं मनात आलं, पण मग कृष्णातचं लग्न ठरलेलं होतं.

वीज तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, बोर्ड काढायला ऑपरेटरनं हरकत घेतली होती का? मी बुक पुढं केलं. बुकात काही नव्हतं. खात्री न करता मोटर चालू केली म्हणून प्रसेनजीतला कामावरून काढलं आणि वर केस झाली. दोन वर्षं तो कोर्टाच्या तारखांना गेला. जबाबात त्यानं एकच सांगितलं: मोटर मी चालू केली. शेवटी पुराव्याअभावी सुटला. नोकरी परत द्यायचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. भावकीत कुणाला आवडलं नसतं.

तो उचगावात एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. दिवसभर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची. निशा एकदा बाजारात भेटली. मी बळंच विचारलं, कसा आहे. म्हणाली, "हाय की. वाढलं त्ये खातोय. मीठ इसरलं तर आळणी खातोय, सांगत न्हाय. परवा आमची सोनम दहावी पास झाली. पेढा हातात दिला, तर म्हणतोय, कुणाचा?" एवढं सांगून तिनं कोथिंबिरीची पेंडी पिशवीत टाकली आणि वाट धरली.

दोन हजार नऊला संस्थेत नवा चेअरमन आला. तरुण पोरगा, शिकलेला. मिस कॉलच्या घोटाळ्यात आणखी एकजण चेंबरात थोडक्यात वाचला होता. चेअरमननं जुनी बुकं वाचली, बोर्डाची चौकशी केली आणि मला म्हणाला, "आण्णा, तो बोर्ड परत करू या. ज्यानं केलता त्यालाच सांगा. मजुरी काय म्हणेल ती देऊ." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मी स्कूटर काढली.

दुकान हायवेच्या अलीकडं, एका बोळात. प्रसेनजीत खाली पोत्यावर बसला होता, मांडीवर मोटरचा स्टेटर. केस पिकले होते. मला बघून उठला नाही, पण स्टूल पुढं सरकवलं. मी येण्याचं कारण सांगितलं. बोर्ड परत हवाय, केबल नवी, चोरांना सापडू नये म्हणून खोल पुरू, तू म्हणशील तसं.

तो ऐकत राहिला. तार गुंडाळायचा हात थांबला नाही. मला वाटलं नाही म्हणणार, आणि मी सुटणार. मग तो म्हणाला, "करतो म्हणलं तरी हुणार न्हाय, आण्णा. मला एक कळलेलं न्हाय."

"काय?"

"आकाराम परत का उतरला?"

मी म्हटलं, "घमेल्यासाठी. वैनी सांगत्यात की."

"न्हाय." त्यानं मान हलवली. "मी त्येच्यासंगं पंधरा वर्स भाकरी खाल्ली. एकदा खांदा गेल्यावर त्यो माणूस मला न सांगता पायरी उतरायचा न्हाय. दोन मिस कॉल दिऊन, लाइट आलेली ठावं असून, घमेल्यापायी परत उतरंल? तीन वर्स मी त्यालाच इचारतोय, का उतरलास. पत्ता लागत न्हाय. आन त्येच कळत न्हाय तर बोर्ड कसला करू? उद्या दुसरा माणूस दिवा लावील आन परत उतरंल. ज्यानं माणूस मेला ती चूक बोर्डात धरता याय पायजे. न्हाय तर नुसतं नेलपॉलिश."

शेवटचं त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर टोमण्याएवढंही काही नव्हतं. कारागीर मापं विचारतो तसं विचारत होता. आणि मला कळलं की हा ते विचारल्याशिवाय राहणार नाही. आज मला, उद्या चेअरमनला, परवा कृष्णातला.

मी सांगितलं. म्हटलं, आकाराम परत उतरला नव्हता. तो एकदाच उतरला. ते मिस कॉल कृष्णातनं दिले, आकारामच्या मोबाइलवरून, आकाराम आत असताना. मला त्याच दिवशी दुपारी माहीत झालं. तुझा विरोधही मी बुकात लिहिला नव्हता. सगळं एका दमात सांगितलं. संपल्यावर हलकं वाटेल अशी आशा होती. काही वाटलं नाही.

प्रसेनजीतचा हात थांबला. तारेचं रीळ त्यानं खाली ठेवलं, लोळू नये म्हणून त्याला विटेचा तुकडा लावला.

"दुसऱ्याचं बटण दाबलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे त्यो मला न सांगता न्हाय उतरला."

"नाही."

"एकदाच उतरला."

"होय."

मी शिव्यांची वाट बघत होतो. तो मला मारील असंही वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. त्यानं फडक्याला हात पुसले.

"बाळाबाईला सांगितलंसा?"

"नाही."

तो उठला, मालकाला हात करून जातो म्हणाला आणि चपला पायात घातल्या. "चला."

"आत्ता?"

"मग कवा?"

स्कूटरवर तो मागं बसला. अर्ध्या तासाच्या वाटेत एकदाच बोलला, "म्होरं खड्डा हाय." मी खड्डा चुकवला.

बाळाबाई सोप्यात सुपात जोंधळं निवडत बसली होती. आम्हा दोघांना बघून तिनं पदर सारखा केला. प्रसेनजीत त्या घरी तीन वर्षांत आला नव्हता. त्याला तिनं बस म्हटलं. तो पायरीवर बसला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. इतिवृत्त वाचावं तसा माझा आवाज निघत होता. लाइट किती वाजता आली तेसुद्धा सांगितलं. ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. माझं संपलं तेव्हा पाच-सहा खड्यांची ओळ झाली होती.

"म्हंजे घमेल्यापायी न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही वैनी."

"मी बोलले म्हणून न्हवं?"

"नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. प्रसेनजीतकडं वळून म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"आत्ताच. तास झाला."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

"तीन वर्स झाली, आण्णा," ती म्हणाली. "हापिसाला ह्याच दारावरनं जातायसा. मी हाक मारते, तुमी येतायसा, हितंच बसतायसा. मी घमेल्याचं सांगते आन तुमी ऐकत माझ्या हातचा च्या पितायसा."

मी होय म्हटलं.